सासरे भर दुपारी काजूत जातात आणि ऐकत नाहीत

"ताई, आम्ही गोव्यात वाळपईच्या पुढे राहतो. सासरे ७१ वर्षांचे, बीपीची गोळी चालू आहे. काजूचा सीझन लागला की सकाळी नऊला चहा घेऊन बागेत जातात ते दोन वाजता घरी. गेल्या आठवड्यात बोंडू (काजूची फळं) पुंजावताना, म्हणजे वेचून गोळा करताना, दोनदा चक्कर आली. दुसऱ्या वेळी तिथेच बसले, माझा मुलगा (९ वर्षांचा) सोबत होता तो धावत घरी आला. मी म्हटलं आता पुरे, तर म्हणतात ऊन काय आजचं आहे काय. नवरा म्हणतो वय झालं म्हणून होतं, हे क्लायमेट चेंज बिंज सगळं फेसबुकवाल्यांचं. वर माकडतापाची भीती. त्यांचं बागेत जाणंच बंद करू का? आणि घर स्लॅबचं आहे, त्यांच्या खोलीत एसी बसवला तर बरं पडेल का? तुमचं उत्तर नवऱ्याला दाखवीन म्हणते, दाखवू ना? — सत्तरी तालुक्यातली एक सून"

बाय, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. खरं सांगू, क्लायमेट चेंज, वय, माकडताप हे जरा बाजूला राहू दे, मला पहिलं हे कळायला हवं की बाबांची ती बीपीची गोळी कुठली. मी डॉक्टर नाही. पण फोंड्याला औषधांच्या दुकानात ३० वर्षं काउंटरच्या मागे उभी होते आणि मार्च ते मेमध्ये बागायतीतली, शेतातली, गवंडीकाम करणारी माणसं "ताई चक्कर येते, ग्लुकोज दे" म्हणून यायची तेव्हा ग्लुकोजच्या आधी मी त्यांच्या गोळ्या बघायला मागायची. पुष्कळदा उत्तर तिथेच सापडायचं.

तर आज एवढं कर. त्यांची स्ट्रिप हातात घे आणि नावाच्या शेवटी बघ. एच, सीएच, सीटी असलं काही शेपूट आहे का? नसेल तर मागच्या बारीक अक्षरांत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन लिहिलंय का ते बघ, चष्मा लावून, कारण ती अक्षरं मुंगीएवढी असतात. ही पाण्याची गोळी. शरीरातलं मीठ आणि पाणी लघवीवाटे बाहेर काढून बीपी खाली आणते. औषध उत्तम आहे, स्वस्त आहे, कितीतरी लोकांना तिने वाचवलंय. पण एप्रिलमध्ये माणूस सकाळी ती गोळी घेतो, वर पाच तास घाम गाळतो, म्हणजे टाकीला दोन नळ एकदम सोडल्यासारखं झालं. मग बोंडू वेचायला वाकलेला माणूस सरळ उभा राहतो तेव्हा बीपी एकदम पडतं आणि डोळ्यांपुढे काळोख येतो. एटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल असेल तर ते वेगळं, ती गोळी हृदयाला वेग वाढवू देत नाही, आणि उन्हात तर कातडीकडे जास्त रक्त ढकलायला हृदयाला वेग हवा असतो. टेल्मिसार्टन असेल तर पाणी कमी पडल्यावर किडनीवर ताण येतो.

आता हे वाचून गोळी बंद करू नको हां! बीपीची गोळी परस्पर सोडून अर्धांग झालेली माणसं पण मी बघितलीयत. डॉक्टरकडे जा आणि सरळ सांग, की हे रोज पाच तास उन्हात काम करतात, दोनदा चक्कर आली, बसून आणि उभं राहून दोन्ही वेळा बीपी मोजा आणि सीझनपुरता डोस बदलायचा का ते बघा. हे वाक्य असंच्या असं सांग. कारण बाबा स्वतः गेले तर "बरा आहे" एवढंच सांगून गोळ्या घेऊन परत येतील, सगळे म्हातारे तसेच.

आणि आणखी एक विचार त्यांना, हळूच. कमरेसाठी काय घेता? दिवसभर वाकून बोंडू वेचल्यावर कंबर धरते, आणि आपल्याकडे दुकानातून डायक्लोफिनॅकची गोळी चिठ्ठीशिवाय आणणं म्हणजे चिंगम आणल्यासारखं झालंय. पाण्याची गोळी, टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि वर ही दुखण्याची गोळी, अशी तिन्ही एकत्र आणि अंगात पाणी कमी, यात किडनी धोक्यात येते. माणसाला काही जाणवत नाही, दुखत नाही, लघवी जरा कमी होते एवढंच. मी काउंटरवर यासाठी भांडायची आणि लोक रागावून पुढच्या दुकानात जायचे. कमरेला शेक दे, तेल लाव, फारच झालं तर डॉक्टरला विचारून पॅरासिटामॉल. ती दुसरी नको.

आता नवरोबांचा मुद्दा. वय झालं म्हणून होतं. बरोबर आहे त्यांचं, अर्धं. सत्तरीनंतर तहान उशिरा लागते, घाम कमी सुटतो, शरीराला स्वतःला थंड करणं जमत नाही. (सत्तरी म्हणजे वय हां, तालुका नव्हे.) पण उरलेलं अर्धं हवेत आहे, आणि ते समजून घ्यायला फेसबुक लागत नाही, दोरीवरचे कपडे पुरतात. नागपूरला ४४ डिग्रीत टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो, आपल्याकडे ३४ मध्ये दुपारपर्यंत दमट राहतो की नाही? अंगावरच्या घामाचं पण तेच होतं. घाम आल्याने माणूस थंड होत नाही, तो सुकल्याने होतो. हवेतच इतकी वाफ भरलेली की घाम सुकायला जागा नाही, मग तो नुसता गळतो, पाणी आणि मीठ जातं आणि आतली उष्णता आतच राहते. ३४ डिग्री आणि ६० टक्के दमटपणा असेल तर अंगाला ते साधारण ४२ सारखं लागतं, ते पण सावलीत. उन्हात त्याहून कितीतरी जास्त. म्हणून मोबाईलवर "वाळपई ३४" बघून "आज बरं आहे" म्हणू नका, त्याच्या बाजूला ह्युमिडिटी लिहिलेली असते ती बघा.

आणि लाटेच्या इशाऱ्याची पण वाट बघू नका. हवामान खातं किनारपट्टीवर उष्णतेची लाट साधारणपणे तेव्हा म्हणतं जेव्हा पारा ३७ किंवा वर जातो आणि नेहमीपेक्षा साडेचार डिग्रीने तरी जास्त असतो. म्हणजे ३६ डिग्री आणि चिकट हवा असली तरी कागदावर लाट नाही. बाबांना ज्या दिवशी चक्कर आली त्या दिवशी पण नसणार. २०२३ च्या मार्चमध्ये खरोखर इशारा आला होता, सरकारने शाळा दुपारी १२ ला सोडायला लावल्या, तुझा मुलगा तेव्हा लहान असेल, आणि त्याच दिवसांत तुमच्याच म्हादईच्या अभयारण्यात वणवे लागले, हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकत फिरत होती. त्या धुराचे बारीक कण फुफ्फुसातून थेट रक्तात जातात आणि बीपी-हार्टवाल्यांना खोकणाऱ्यांइतकाच त्याचा त्रास होतो. असा धूर पुन्हा दिसला तर बाबांना त्या दिवशी घरात ठेव, काही झालं तरी. तोंडाला ओला रुमाल बांधून ते कण अडत नाहीत, एन-९५ मास्क लागतो.

क्लायमेट चेंज खरं की खोटं यावर घरात वाद घालू नको, मी तर म्हणते तो शब्दच काढू नको. २०२४ हे वर्ष औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा जगभराच्या सरासरीने दीड डिग्रीहून जास्त गरम गेलं, असं पहिल्यांदाच झालं, आणि हवा एक डिग्रीने तापली की साधारण ७ टक्के जास्त वाफ धरते, म्हणजे तो आपला न सुकणारा घाम. हे सगळं खरं आहे. पण ७१ वर्षांच्या माणसाला हे आकडे सांगून तो ऐकेल असं तुला वाटतं? त्यापेक्षा त्यांना विचार की बाबा, काजूचा मोहर पूर्वी कधी यायचा आणि आता कधी येतो? अवकाळी पावसाने किती वेळा काळा पडला? पहाटेची थंडी, ज्यात पांघरूण लागायचं, ती कुठल्या महिन्यापर्यंत असायची? बघ कसे बोलायला लागतात ते. पन्नास वर्षांची नोंद त्यांच्या डोक्यात आहे, फक्त त्यांनी तिला ते नाव दिलेलं नाही. माझ्या वडिलांना मी असंच विचारलं होतं, तासभर बोलत होते, आणि शेवटी आपणच म्हणाले की हल्ली अंगणात झोपलं तरी पहाटेपर्यंत अंग चिकटतं.

तर बंद करू का? नको करू. त्या माणसाला कुठलं झाड गोड बोंडूचं आणि कुठलं तुरट हे पाठ आहे, त्याला घरी बसवलंस तर दोन महिन्यांत तो खरा म्हातारा होईल. काम तेच ठेव, वेळ बदल. आणि यात निसर्ग आपल्या बाजूने आहे, कारण बोंडू रात्रभर पडतो, सकाळी ताजा असतो, नऊनंतर उन्हात पडून राहिला की आंबतो आणि त्यावर माशा. पूर्वीची माणसं फटफटलं की जायची ती काय उगाच? मग हे नऊला का जातात? मला वाटतं तुमच्या घरात चहा उशिरा होतो. रागावू नको. साडेपाचला चहा आणि काहीतरी पोटात, उजाडलं की बाग, दहाला घरी. उरलेलं साडेचारनंतर. मिट्ट काळोखात मात्र पाठवू नको, तुमच्या बाजूला गवे आहेत, नीट दिसायला लागल्यावरच.

दहाला घरी आले की पेज. बाय, पेज म्हणजे काय चीज आहे हे आपण विसरलो. उकड्या तांदळाची पातळ पेज, त्यात मीठ, म्हणजे पाणी, मीठ आणि पिष्ट, दवाखान्यात ज्याला ओआरएस म्हणतात त्याचीच गावठी बहीण. आपल्या आज्यांनी कुठलं पुस्तक वाचून अकराची पेज ठरवली नव्हती. फक्त सोबतचं तोर (खारवलेली कैरी) बेतानं, बीपी आहे म्हणून, एक फोड बस. बागेत जाताना दोन लिटरची बाटली आणि दर वीस मिनिटांनी एक कप, तहान लागो न लागो. तहानेवर सोडू नको, त्यांची तहान आता खोटं बोलते. ज्या दिवशी फार घाम गेला त्या दिवशी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, छोटा चमचा हां. रोज उठून हे नको, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल तर तर विचारल्याशिवाय नकोच, आणि डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर माझं सगळं बाजूला ठेवून त्यांचं ऐक. तिवळ, आपलं कोकमाचं पाणी, ते पण चांगलं. पाणी पुरतंय का हे बघायचं एकच माप, लघवीचा रंग. फिकट पिवळा तर ठीक, चहासारखा तर त्या दिवशी बाग बंद. हे तू विचारू शकत नाहीस, नवऱ्याला विचारू दे. त्याला पण काहीतरी काम नको का?

आता जी गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस. हुर्राक, काजूची पहिल्या धारेची दारू. काजूचा सीझन, सत्तरी तालुका, ७१ वर्षांचा गडी, आणि दोन वाजेपर्यंत बागेत, मला नाही वाटत तो सगळा वेळ फक्त झाडाखाली जात असेल, वाटेत भट्टी असणारच. लिमका आणि हिरवी मिरची घालून एक ग्लास, त्यात काय मोठंसं. मी पण घेते, खोटं कशाला बोलू. पण दारू लघवी वाढवते आणि रक्तवाहिन्या सैल करते, म्हणजे वर सांगितलेल्या टाकीचा तिसरा नळ. संध्याकाळी, आंघोळ करून, जेवणाच्या आधी एक, ते पण डॉक्टरला बीपीच्या गोळीबरोबर चालते का विचारून. उन्हात नको म्हणजे नको. हे तू सांगू नको, भट्टीवाल्याला सांगायला लाव, त्याचं ते ऐकतील.

चक्कर इथवर ठीक, पण एक प्रकार असा आहे ज्यात माझ्या हातून चूक झालेली आहे म्हणून जरा लांबण लावते. बरीच वर्षं झाली, आमची मावशी मे महिन्यात अंगणात मिरच्या वाळत घालून वर शेणी रचत होती. दुपारी आली ती काहीतरीच बोलायला लागली, मला माझ्या आईच्या नावाने हाक मारली. अंग भट्टीसारखं तापलेलं. मी, फार्मसिस्ट, शहाणी, पॅरासिटामॉल दिली आणि पांघरूण घालून झोपवलं. ताप आहे म्हणून. आणि मनात काय, की अंग घामाने ओलं आहे म्हणजे ऊन लागलेलं नाही, ऊन लागलं की अंग कोरडं पडतं असं कॉलेजात शिकले होते. शेजारची एक बाई, अंगणवाडीत कामाला होती, तिने पांघरूण खेचून काढलं आणि विहिरीचं पाणी कळशीने ओतायला सुरुवात केली. मावशी वाचली. माझ्यामुळे नव्हे. उन्हाच्या तापात पॅरासिटामॉल काम करत नाही, कारण नेहमीच्या तापात मेंदू स्वतःच शरीराचं तापमान वर लावून ठेवतो, गोळी ते खाली आणते, आणि उन्हाच्या तापात मेंदूचा काटा जागेवरच असतो, शरीर नुसतं उष्णतेत बुडालेलं असतं. आणि काम करता करता ऊन लागलं तर घाम सुटत असतानाही माणूस धोक्यात असू शकतो. बडबड, गोंधळ, तोल जाणं, झटके, शुद्ध हरपणं, यातलं काही दिसलं आणि अंग तापलं असेल तर आधी थंड करायचं, तिथल्या तिथे. कपडे सैल, मिळेल ते पाणी अंगावर, मान, काखा, जांघा इथे ओली फडकी, वर वारा, आणि एकाने १०८ लावायचा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासात जातं. गाडी येईपर्यंत थंड करणं थांबवू नका, वाळपईहून बांबोळीचं गोमेकॉ हॉस्पिटल काय जवळ आहे?

हे तुझ्या मुलाला पण शिकव, नऊ वर्षांच्या पोराला समजतं. गेल्या वेळी तो धावत आला, शाबास त्याची, पण आजोबाला पाणी ओतून मग धावायचं हे त्याला माहीत असायला हवं. मात्र आजोबाचा राखणदार म्हणून त्याला एकट्याला पाठवू नका. पोरांची अंगं मोठ्यांपेक्षा लवकर तापतात आणि ती खेळाच्या नादात सांगत नाहीत. तुमच्या बाजूच्या बागेत कोण आहे त्याच्याशी वेळ जुळवून घ्या, दोन म्हातारे एकमेकांना हाका मारत राहिले तरी पुष्कळ.

माकडताप. याची भीती रास्त आहे पण तिचा उपयोग सासऱ्यांना घाबरवायला करू नको. हा रोग १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडे क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडला, आणि आपल्या सत्तरीत २०१५ पासून, काजूच्या सीझनलाच, कारण डिसेंबर ते मे यात पिल्लू गोचीड पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पानांत, असते आणि नेमकी तेव्हाच माणसं बागेत असतात. गोचीड चावल्याने होतो, माणसाकडून माणसाला लागत नाही. काहीजण याला पण क्लायमेटच्या खात्यात टाकतात, मला ते पटत नाही, जंगल तोडून आपण आत आत शिरलो हे त्याचं मोठं कारण आहे. जुनी लस होती तिचा परिणाम पुरेसा नव्हता म्हणून ती थांबवली, तेव्हा भिस्त कपड्यांवर. पूर्ण पँट, पायमोज्यात खोचलेली, पूर्ण हातांचा शर्ट. आता तू म्हणशील उन्हात हे? म्हणून तर म्हटलं ना सकाळी जा, दहाच्या आत पूर्ण कपडे सोसतात, बाराला नाही सोसत आणि मग माणूस लुंगी वर खोचतो. बागेत नुसतं मातीवर, पातेऱ्यावर बसायचं नाही. आल्या आल्या कपडे गरम पाण्यात आणि आंघोळ, काखा-जांघा-गुडघ्यामागे बघायचं. आरोग्य केंद्रात गोचीड-प्रतिबंधक तेल मिळतं का विचार. गोठ्यात घालायला बागेतला पातेरा आणू नको या दिवसांत. माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळव. आणि चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत एकदम जोराचा ताप, कपाळ फुटेल असं डोकं, अंगदुखी, असं झालं तर "बागेत जातो" हे पहिल्या वाक्यात डॉक्टरला सांगायचं, नाहीतर तो डेंगीच शोधत बसतो. ताप उतरला म्हणून संपलं असं पण धरू नका, काहीजणांना आठवडा-दोन आठवड्यांनी तो परत येतो.

एसी. पैसे असतील तर घे, मी नको म्हणणार नाही, रात्र थंड गेली की शरीराला दुसऱ्या दिवसासाठी सावरायला मिळतं आणि म्हाताऱ्या माणसाला तीच रात्र महत्त्वाची. पण तुमचा खरा शत्रू तो स्लॅब आहे. दिवसभर ऊन पितो आणि रात्री अकरापर्यंत खोलीत ओततो. त्यावर चुन्याचा पांढरा हात मारून घे पावसाच्या आधी, शंभर गोष्टींपेक्षा स्वस्त. जुनं कौलारू घर बाजूला पाडायचं शिल्लक असेल तर, बहुतेकांचं असतं, बाबांची खाट तिथे टाक. ओला पंचा आणि पंखा, आपल्या ३४-३५ डिग्रीला पंखा अजून कामाचा आहे. शिवाय मे महिन्यात गडगडाट सुरू झाला की वीज जाते हे तुला मी सांगायला नको, तेव्हा एसी भिंतीवरची शोभा.

एक राहिलंच, सीझन संपल्यावरचं. बोंडूचा रस साठवायचे ते निळे ड्रम, बोंडू तुडवायची कोळंबी (मासळी नव्हे, तो खळगा), रबराच्या बागेतल्या वाट्या, पोफळीच्या झावळ्यांच्या गळलेल्या विऱ्या, हे सगळं जूनच्या पहिल्या पावसात भरतं आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डेंगीचे डास उडतात. दिवसा चावणारे. उष्णता वाढली की यांचं फावतं, डासाच्या पोटात डेंगीचा विषाणू तयार व्हायला २५ डिग्रीला साधारण पंधरा दिवस लागतात तिथे ३० ला आठवडाभरात होतो. ड्रम नुसते ओतून पण चालत नाही, अंडी काठाला चिकटून सुकी राहतात आणि पुढच्या पावसाला फुटतात, काथ्याने घासून उपडे ठेवायचे. हे काम बाबांना सांग, सावलीतलं आहे आणि त्यांच्याइतकं नीट कोणी करणार नाही. आणि पावसात ताप आला तर पुन्हा तीच गोष्ट, ती दुखण्याची गोळी नको, डेंगीत रक्तस्राव वाढतो.

नवऱ्याला हे दाखवू का विचारलंस. दाखव, गोळ्यांचा आणि लघवीच्या रंगाचा भाग दोनदा वाचायला लाव. बाबांना मात्र दाखवू नको, हुर्राकवरून मला शिव्या देतील. त्यांना उद्या साडेपाचला चहा दे, काही न बोलता, आणि बघ किती वाजता निघतात. चार दिवसांनी त्या स्ट्रिपवर काय लिहिलं होतं ते मला कळव, पूर्ण नाव, शेपटासकट.